बिलीची विजार आणि ओढ्याचा काठ

जॉन म्यूरच्या 'माय फर्स्ट समर इन द सिएरा' या पुस्तकात एका विजारीचं वर्णन आहे. पुस्तक वाचलेल्या माणसाला दुसरं काही आठवो न आठवो, ही विजार हमखास आठवते. ती आहे बिली नावाच्या मेंढपाळाची. बिली दुपारचं जेवण, म्हणजे तळलेलं मटण, कमरेला बांधून हिंडतो. त्यातली चरबी पाझरून विजारीत मुरते. मग त्या चिकट कापडावर पाइनच्या सुया, सालीचे तुकडे, अभ्रकाचे कण, पिसं, पतंगांचे पंख, अख्खे किडे असं वाटेल ते येऊन बसतं. बाकीच्यांचे कपडे वापरून झिजतात, बिलीची विजार मात्र दिवसेंदिवस जाड होत जाते, असं म्यूर सांगतो. तिच्यावरच्या थरांकडे तो खडकाच्या थरांकडे पाहावं तसा पाहतो.

हसू येतंच. मलाही आलं. पुस्तक १९११ सालचं, त्यामुळे कॉपीराइटमधून कधीच मोकळं झालेलं. मी ते ऑफिसच्या बसमध्ये फोनवर वाचून काढलं. संपल्यावर लक्षात आलं, की बिलीबद्दल आपल्याला ठळकपणे आठवतंय ते एवढंच. याच पुस्तकातल्या नाकतोड्याची उडी मला आठवते. म्यूर ज्याच्यावर धावून गेला आणि जे जागचं हललंच नाही, ते अस्वल आठवतं. नॉर्थ डोमच्या माथ्यावर भेटलेली साधी घरमाशीसुद्धा आठवते. या सगळ्यांना म्यूरने मन दिलंय. बिलीच्या वाट्याला आली विजार.

हे पुस्तक मला आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. डोंगरातल्या ओढ्याकाठी दर उन्हाळ्यात जनावरं चरली की काय बिघडतं, हे म्यूरने फार लवकर आणि फार नीट पाहिलं. ते कोणामुळे बिघडतं आणि कोण सावरू शकतं, हे मात्र त्याच्या नजरेतून सुटलं. लिहिणारा इतका मोठा आहे, की त्याची ही चूक वाचताना आपल्याला चूक वाटतच नाही. म्हणून ती जरा सावकाश पाहावी म्हणतो.

आधी पुस्तकाची हकिकत. साल १८६९. म्यूर एकतीस वर्षांचा, खिशात पैसे नाहीत, डोक्यात झाडं आणि हिमनद्या. हा मूळचा यंत्रांत रमणारा माणूस. तरुणपणी त्याने झोपलेल्या माणसाला वेळेवर उभं करणारा पलंग बनवला होता. गाड्यांच्या कारखान्यात काम करताना डोळ्याला इजा झाली आणि तो यंत्रं सोडून चालायला लागला. म्हणजे नोकरी सोडून डोंगरात गेलेला इंजिनिअर म्हणा. असे आपल्यातही पुष्कळ असतात. फरक इतकाच, की याने खरंच काहीतरी लिहिलं. कॅलिफोर्नियात डिलेनी नावाच्या मेंढीमालकाने त्याला काम दिलं. २,०५० मेंढ्यांचा कळप ३ जूनला पायथ्यापासून निघणार, गवत वाळत जाईल तसतसा वर सरकणार, आणि उन्हाळा संपता संपता खाली येणार. मेंढ्या राखायच्या बिलीने. बिली काम नीट करतोय की नाही एवढं म्यूरने बघायचं. उरलेल्या वेळात त्याने हवं तेवढं हिंडावं, फुलं बघावी, चित्रं काढावी.

सोबत पहिले काही दिवस झुडपांच्या उतारावरून कळप हाकायला दोन माणसं होती: एक चिनी आणि एक स्थानिक आदिवासी. पुस्तकात दोघांनाही नाव नाही. आदिवासी माणसासाठी तर त्या काळी प्रचलित असलेला हिणवणारा शब्दच वापरलाय. २०२० साली सिएरा क्लबने, म्हणजे म्यूर ज्याचा पहिला अध्यक्ष होता त्या संस्थेने, त्याच्या अशा लिखाणाबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. ते गरजेचंच होतं. मला इथे त्याला लागूनच असलेल्या दुसऱ्या मुद्द्याकडे जायचंय.

पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला म्यूर एक हिशेब मांडतो. कॅलिफोर्नियातल्या मेंढीमालकाला झटपट श्रीमंत व्हायचंय आणि तो होतोही, कारण कुरणाला पैसे पडत नाहीत. हवा अशी, की हिवाळ्यासाठी ना चारा साठवावा लागतो, ना गोठा बांधावा लागतो. त्यामुळे थोड्या खर्चात मोठे कळप पाळता येतात आणि गुंतवलेला पैसा साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होतो, असं लोक सांगतात. या चार वाक्यांत सगळं आलं. डोंगरावरचं गवत कोणाचंच नाही, म्हणून ते फुकट. फुकट म्हणून कळप मोठा. कळप मोठा म्हणून वरच्या कुरणांची माती होते.

आणि मग पुस्तक हा हिशेब विसरून जातं. पुढे लिलीच्या बागा तुडवल्या जातात, ओढ्याकाठची फर्न कुरतडली जातात, आणि राग निघतो तो मेंढ्यांवर. 'खुरांचे टोळ' हा म्यूरचा शब्द जगभर गाजला. टोळ म्हटलं की मालक दिसेनासा होतो. टोळधाडीला मालक नसतो, तिला कोणी पाठवलेलं नसतं, तिचा नफा कोणाच्या खात्यात जमा होत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर कोसळला की नंतर 'पोस्टमॉर्टम' लिहितात: काय झालं, किती वाजता झालं, का झालं. चांगल्या टीममध्ये त्याचा एक नियम असतो. शेवटचं बटण कोणी दाबलं यावर थांबायचं नाही. ते बटण दाबल्यावर सगळं पडू शकतं अशी रचना का होती, ते शोधायचं. एका ठिकाणी मी याच्या उलटही पाहिलंय. बारा पानांचा रिपोर्ट, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात राहिलं ते फक्त रात्रपाळीच्या पोराचं नाव. म्यूरचं पुस्तक मला तसं वाटतं. खरं कारण त्यात लिहिलेलं आहे, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात मेंढ्या आणि बिलीची विजार.

बिली पुस्तकात एकदाच मोकळेपणाने बोलतो. म्यूर त्याला म्हणतो, योसेमिटीची दरी इथून हाकेवर आहे, तू एक दिवस जाऊन बघून ये, तोवर मेंढ्या मी सांभाळतो. बिलीला त्यात काही राम वाटत नाही. दरी म्हणजे काय, तर जमिनीतला खड्डा आणि खडक. पडायची भीती असलेल्या जागेपासून लांब राहिलेलं बरं. आणि ते बघायला पैसे मोजून येणारे लोक मूर्ख आहेत, असा त्याच्या बोलण्याचा सारांश. म्यूरला त्याची कीव येते. असे आत्मे झोपलेले असतात, असं काहीसं तो लिहितो.

मला बिलीचं म्हणणं वेडेपणाचं वाटत नाही. थोडं आधी म्यूर स्वतः योसेमिटी धबधब्याच्या अगदी ओठावर सरपटत जाऊन खाली वाकून आलाय, आणि त्या रात्री त्याला नीट झोप लागलेली नाही. त्याला हे परवडतं. बिलीसाठी कडा म्हणजे मेंढ्या पडायची जागा. आपण ट्रेकला जाऊन ज्या कड्यावर फोटो काढतो, तिथेच म्हैस घसरली तर एखाद्या घराचं वर्षभराचं दूध जातं. त्या घरातल्या माणसाने कड्याला 'काय व्ह्यू आहे' म्हणावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. बिलीचं हे बोलणं म्यूरने लिहून ठेवलं, हे त्याचं मोठेपण. पण ते त्याने ऐकलं मात्र नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पुस्तक डायरीच्या रूपात आहे, पण ते १८६९ साली रोज रात्री शेकोटीपाशी लिहिलेलं जसंच्या तसं नाही. म्यूरने जुन्या टिपणांवर नंतर पुन्हा हात फिरवला आणि बेचाळीस वर्षांनी ते छापलं. तोवर तो देशातला सगळ्यात प्रसिद्ध निसर्गलेखक झाला होता आणि योसेमिटीतून मेंढ्या हुसकावून लावण्याच्या मोहिमेचा आवाज होता. म्हणजे आपण वाचतो ती एका गरीब, हरखून गेलेल्या तरुणाची डायरी आहे, आणि तिच्यात एका जिंकलेल्या म्हाताऱ्याचा युक्तिवादही मिसळलेला आहे. कुठली ओळ कोणाची, हे ओळखणं हीच या पुस्तकाच्या वाचनातली खरी गंमत आहे.

युक्तिवाद खोटा होता का? नाही, आणि हे स्पष्ट म्हणायला हवं. खुरांनी ओढ्याचं नेमकं काय होतं, हे आता बऱ्यापैकी मोजलेलं आहे. म्यूरच्या पुस्तकात मेंढ्या आहेत, पण त्याच सिएरा नेवाडाच्या दक्षिण टोकाला कर्न पठारावर उन्हाळी चराईला गाई-बैल येत आले. तिथल्या ओढ्यांत सोनेरी ट्राउट नावाचा मासा आहे. कॅलिफोर्नियाने त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिलाय. डोंगरातल्या निरोगी ओढ्याचा काठ आतून थोडा कोरलेला असतो. वर गवताच्या मुळांची घट्ट जाळी, खाली पोकळी, आणि त्या पोकळीच्या सावलीत मासे. चार-पाचशे किलोची गाय पाणी प्यायला त्या कडेवर उभी राहिली की कड ढासळते. एका गाईने एकदा काही होत नाही. शंभर गाई दर उन्हाळ्यात येत राहिल्या, की अरुंद आणि खोल ओढा रुंद आणि उथळ होतो. उथळ पाणी उन्हाने तापतं. ढासळलेली माती तळच्या खड्यांत बसते, आणि मासे तिथेच अंडी घालतात. काठावरच्या विलोच्या कोवळ्या फुटी खाल्ल्या गेल्या की सावलीही जाते. पुढे ओढा स्वतःचाच तळ खरवडत खोल जातो, कुरणाखालची पाण्याची पातळी उतरते, आणि हिरव्या कुरणात कोरड्या जमिनीची झुडपं शिरतात.

रोलंड नॅप आणि कॅथलीन मॅथ्यूज यांचा याच भागावरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कुंपण घालून गाईंपासून राखलेले ओढ्याचे तुकडे आणि उघडे तुकडे यांची तुलना केली. बहुतेक तुलनांत राखलेल्या तुकड्यांत मासेही जास्त होते आणि काठची स्थितीही चांगली होती. म्यूरचं निरीक्षण शंभरहून अधिक वर्षांनी खरं ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण याच विषयावर काम करणारे लोक उपाय काय सांगतात ते बघा. कुंपण घाला, हे आहेच. मिठाचे खडे पाण्यापासून लांब, उतारावर ठेवा. वर वेगळी पाण्याची टाकी द्या. आणि सगळ्यात जुना उपाय: रोज माणूस पाठवून जनावरं काठावरून उठवा आणि वर न्या. कारण गाय आपणहून काठ सोडत नाही. ऑगस्टमध्ये उतारावरचं गवत वाळलेलं असतं, हिरवं उरतं ते पाण्याजवळ, सावलीही तिथेच. मग ती तिथून का हलेल? मालकाने जूनमध्ये गाई वर सोडल्या आणि सप्टेंबरमध्ये गोळा केल्या, मधल्या काळात कोणीच फिरकलं नाही, तर ओढ्याचं नुकसान ठरलेलं.

आपल्या भाषेत हे आधीपासून आहे. 'गुराखी' म्हणजे गुरं राखणारा. 'राखणं' म्हणजे वाघापासून वाचवणं, आणि 'राखणं' म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरू न देणंसुद्धा. जनावर कुठे जाणार नाही, हे ठरवणं हे गुराख्याचं अर्धं काम आहे. ओढ्याचा काठ टिकणार की नाही, हे खुरांइतकंच त्या माणसाच्या पायांवर अवलंबून असतं. म्यूरच्या पुस्तकात ज्याची विजार आहे, त्याच्याकडेच हा उपाय होता. ज्याच्या हाती दोन हजारांवर मेंढ्या दिल्यात, मालकाने पीठ वेळेवर न पोचवल्यामुळे जो भाकरीविना नुसत्या मटणावर दिवस काढतोय, त्याने ओढ्याचा काठ जपावा कसा, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. भाकरीच्या या दुष्काळात म्यूरही उपाशी होता आणि त्याबद्दल त्याने फार छान लिहिलंय. पण त्या पानांवर पोट दुखतं ते मुख्यतः त्याचंच.

हा प्रश्न विचारणारं पुस्तक लिहिलं मेरी ऑस्टिनने. 'द फ्लॉक' १९०६ सालचं, म्हणजे म्यूरच्या पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचं. तेही फुकट मिळतं, आणि ते फारसं कोणी वाचत नाही. ऑस्टिन सिएराच्या पूर्वेकडे, कोरड्या ओवेन्स खोऱ्यात राहायची. डोंगराच्या पायथ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी मेंढ्यांची लांब वाट तिच्या गावांवरून जायची. ती सहलीला आलेली नव्हती. वर्षानुवर्षं तिने येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढपाळांना बोलतं केलं. त्यामुळे तिच्या पुस्तकात माणसांना नावं आहेत: लिटल पीट, नार्सिस डुप्लिन, असे कितीतरी. पगारी मेंढपाळावर वेगळं प्रकरण आहे, कुत्र्यांवर आहे, गाईवाले आणि मेंढीवाले यांच्या भांडणांवर आहे. आणि राखीव जंगलं विरुद्ध मेंढ्या या वादावरही एक अख्खं प्रकरण आहे.

ऑस्टिनचं पुस्तक निर्दोष नाही. भाषा जडजंबाल आहे. बायबलच्या चालीवरची वाक्यं फोनच्या स्क्रीनवर दोन-दोनदा वाचावी लागतात. मेंढपाळांच्या एकाकीपणावर ती इतकी भाळते, की कधी कधी त्यांची मजुरी मागे पडते. म्यूरचं एक पान वाचून माणूस बॅग भरेल, ऑस्टिनचं वाचून भरणार नाही. तरी हा कळप कोणाचा, राखतं कोण आणि कमावतं कोण, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, याचं भान तिला आहे. म्यूरने ते तिन्ही प्रश्न 'टोळ' या एका शब्दात गुंडाळले.

दोघांच्या पुस्तकांबाहेर काय घडलं तेही बघू, कारण त्याशिवाय हा फरक नुसता वाङ्मयीन वाटेल. १८९० साली योसेमिटी नॅशनल पार्क झालं आणि पुढच्या वर्षीपासून राखणीला घोडदळ आलं. कायद्यात मेंढपाळाला शिक्षा करायची तरतूदच नव्हती. मग सैनिकांनी युक्ती काढली. मेंढपाळाला पार्कच्या एका टोकाला नेऊन सोडायचं आणि कळप दुसऱ्या टोकाला हाकलायचा. तो डोंगर ओलांडून पोचेपर्यंत मेंढ्यांची पांगापांग झालेली असायची. युक्ती चालली. कुरणं हिरवी झाली, हेही खरं.

पुढे १९१३ साल आलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्टिनच्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी कालव्याने लॉस एंजेलिसला पोचलं आणि खोरं कोरडं पडायला लागलं. तिने या योजनेला विरोध केला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेच हेची दरीत धरण बांधायला परवानगी देणारा कायदा झाला. म्यूरने ती वाचवण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं घालवली, आणि पुढच्या डिसेंबरमध्ये तो गेला. ही दरी टुआलमी नदीवर आहे. १८६९च्या उन्हाळ्यात तो ज्या कळपाबरोबर चढला, तो कळप याच नदीच्या उगमाकडच्या कुरणांत चरला होता. तिथून मेंढ्या घालवल्या, ओढे वाचवले, आणि खाली नदीच एका शहराच्या नावाने लिहून दिली. बे एरियात राहणाऱ्या कित्येक मराठी इंजिनिअरांच्या नळाला आज येणारं पाणी तिथलंच आहे.

मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या विजेचा आणि पाण्याचा हिशेब काढला तर आपणही मुळशी आणि कोयनेपाशी येऊन थांबतो. मुद्दा पुस्तकाचा आहे. ज्या लिखाणाने आपल्याला फक्त खूर बघायला शिकवलं, त्याने धरण बघायला शिकवलं नाही. मेंढीवाल्याला एका टोकाला नेऊन सोडता येतं, शहराला नाही. म्यूरला हे शेवटी कळलं असावं. पण ते त्याच्या या पुस्तकात नाही.

आता आपल्या डोंगरांकडे येतो, कारण सह्याद्रीतही ओढे आहेत, गुरं आहेत आणि लिहिणारे आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. वरच्या पठारांवर गवळी धनगरांच्या म्हशी आणि गाई, खालच्या खोऱ्यात कुणब्यांची भातशेती. वरून लोणी-तूप खाली येणार, खालून धान्य वर जाणार. एकाच डोंगरात राहून एकमेकांच्या ताटात हात न घालता जगण्याची ही रीत होती. ती कशामुळे मोडली, हे त्यांनी जनावरांच्या संख्येसोबत जंगलतोड, जमिनीचे हक्क आणि बाजार या सगळ्याला धरून पाहिलं. या पोस्टमॉर्टममध्ये शेवटचं बटण दाबणाऱ्यावर कोणी थांबलेलं नाही.

आपलं ट्रेकिंगचं लिखाण मात्र अजून विजारीपाशीच आहे, फक्त सूर बदललाय. म्यूर बिलीला हसला. आपण धनगरवाड्यावरच्या मावशींसमोर हळवे होतो. ब्लॉग असो की रील, मजकूर ठरलेला: 'धनगरवाड्यापासून डावीकडे वळा', मग थंडगार ताक, मग 'किती साधी माणसं'. दोन्हीकडे माणूस देखाव्याचाच भाग. म्हशी पाण्यावर कधी आणता, कुठल्या ओढ्यावर आणत नाही, पावसाळ्यात कुठे ठेवता, असं कोणी विचारलेलं मी फार कमी वाचलंय. हे नुसतं लिहिण्याच्या चांगल्या-वाईटाचं नाही. कोयनेचं अभयारण्य १९८५ साली झालं, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. तिथल्या वस्त्यांनी राहायचं की उठायचं, याचे निर्णय झालेत आणि होतायत. वाघाला जागा हवी हे मला मान्य आहे. पण ज्यांना उठवायचं ते आपल्या लिखाणात 'साधी माणसं' म्हणूनच असतील, तर त्यांच्याजवळ त्या डोंगराची काही माहिती आहे हे निर्णय घेणाऱ्याच्या कानावर जाणार कुठून?

मराठीत याचा चांगला नमुना नाही असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. माणदेश हा दुष्काळी मुलूख, तिथे डोंगरी ओढे नाहीत. पण मांडणी म्यूरसारखीच आहे: शिकलेला तरुण बाहेरून येतो, मेंढपाळांत राहतो आणि सांगतो. राजाराम मास्तर वाडीवर येतो तेव्हा त्यालाही सगळं परकं आहे. फरक पुढे पडतो. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, दादू बालट्या ही माणसं मास्तरच्या समजुतींना सारखी धक्के देत राहतात. कोणी चोर असेल, कोणी खोडसाळ असेल, पण प्रत्येकाची स्वतःची अक्कल आहे, आणि मास्तरला ती वेळोवेळी मान्य करावी लागते. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते, तेव्हा आपल्याला कळतं की पाऊस नसला की मेंढी जाते आणि मेंढीबरोबर घर जातं. तिथे 'टोळ' हा शब्द सुचणंच शक्य नाही. माडगूळकरांची पानं थोडी, वाक्यं छोटी, आणि निसर्गाच्या प्रेमाबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून म्यूर वाचू नका असं माझं म्हणणं नाही. नक्की वाचा. ढगांबद्दल, दगडांबद्दल, वाहत्या पाण्याबद्दल इतक्या आनंदाने लिहिलेलं फार थोडं आहे, आणि ओढ्याकाठच्या नुकसानीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं. फक्त सोबत 'द फ्लॉक' ठेवा. मध्येच कंटाळा आला तर प्रकरणं गाळा, पण राखीव जंगलांवरचं गाळू नका. सिएरातल्या ज्या प्रसिद्ध पायवाटेला जॉन म्यूरचं नाव आहे, ती वाटेत एका कुरणातून जाते. नकाशात त्या कुरणाचं नाव आहे 'लिटल पीट मेडो'. ऑस्टिनच्या पुस्तकातला मेंढपाळ तो हाच.

आणि पावसाळा सरल्यावर कधी सह्याद्रीत गेलात, ओढ्याच्या काठावर खुरांचे ओले ठसे दिसले, तर फोटो काढून पुढे जाण्याआधी जवळपास कोणी राखणारा दिसतो का बघा. दिसला तर विचारा, गुरं पाण्यावर किती वेळ थांबू देता आणि मग कुठे नेता. ताक मिळेल न मिळेल, पण या प्रश्नाला बहुधा लांबलचक उत्तर मिळेल.